खिळा माझाच हाय

गफूरचाचा नालबंद घोड्याचा पाय हातात घेण्याआधी त्याच्याकडे पाठ करून बसत. मालकाला सांगत, चालव. रस्त्यावर टापा वाजू लागल्या की डोळे मिटून ऐकत आणि कोणत्या पायाची नाल झिजली ते सांगत. मी पदवी घेऊन आलेला जनावरांचा नवा डॉक्टर. मला हा सगळा तमाशा वाटायचा, पण त्यांचा अंदाज चुकलेला काही दिसेना.

जिंतूरच्या रस्त्यावरचं आमचं बाजारगाव. नामांतराच्या मोर्च्यांनी एसटी अडली की फाट्यापर्यंत टांगेच धावत, आणि झाडून सगळे टांगेवाले चाचांकडे येत. लिंबाखाली भाता, ऐरण, सांडशी, कानस; एवढाच त्यांचा पसारा. तयार नाल ते तशीच कधी ठोकत नसत. लोखंड लाल करायचं, ठोकायचं, खुराला लावून बघायचं, पुन्हा ऐरणीवर घ्यायचं. एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खुरापरमानं नाल वाकवावी लागती, डॉक्टरसाब. नालीसाठी खूर तासला की जनावर लंगडलंच." खिळा मारताना हातोडीचा आवाज जरा बदलला तरी त्यांचा हात थांबायचा. खिळा आत, जिवंत मांसाकडे चालला, हे त्यांना कानानेच कळे.

किशन टांगेवाल्याची घोडी लंगडू लागली, तेव्हा चाचांनी नाल मारून तीन दिवस झाले होते. मी तपासून खांदा दुखावल्याचं सांगितलं आणि पाच दिवस इंजेक्शनं दिली. खूर बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. घोडी पाय टेकवेना. शेवटी किशनने ती बाजारात काढायचं ठरवलं. लंगडी घोडी कोण आणि कशासाठी घेतं, हे त्याला ठाऊक होतं. टांग्याशिवाय त्याला दुसरा धंदाही येत नव्हता.

हे कानावर येताच चाचा हत्यारांची पिशवी घेऊन दवाखान्यात आले. घोडी अंगणातच बांधलेली होती, भोवती दहाबारा माणसं होती. चाचांनी घोडीचा पाय मांडीवर घेतला आणि एकेका खिळ्यावर हलकेच हातोडी टेकवली. चौथ्या खिळ्याला घोडीने पाय हिसडला. खिळा उपटला, तसा मागून काळपट पू आला.

दगड घुसला होता असं सांगू, मी हळूच म्हणालो. चाचा उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "खिळा माझाच हाय. जिवाला लागला. दगडाचं नाव घेतलं तर उद्या बी असाच मारीन."

त्या दिवसापासून काही टांगेवाले दुसऱ्या नालबंदाकडे जाऊ लागले. चाचांनी त्याची फिकीर केली नाही. ते रोज किशनच्या दारी जाऊन घोडीचा पाय कोमट मिठाच्या पाण्यात शेकत. आठवड्याभरात ती चारी पायांवर उभी राहिली. तुमच्या सुईनंही उतार पडला, असं म्हणून किशनने माझे आभार मानले. मी मान हलवली. चाचा शेजारीच घोडीचा पाय पुसत होते. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी मी लिंबाखाली गेलो. माझं निदान साफ चुकलं होतं, असं त्यांना सांगितलं. भाता न थांबवता ते म्हणाले, "मला कशाला सांगायलाव? घोडी किशनची हाय."

मग मी टांग्यांच्या अड्ड्यावर गेलो. दुखणं खांद्यात नव्हतंच, मी चुकलो, असं सांगितलं. किशनने सगळं ऐकून घेतलं.

"चाचा कालच बोलले, डॉक्टरसाब येऊन सांगतील म्हणून," तो म्हणाला. "मीच म्हनलं, न्हाई येणार."