कोकमाच्या पाण्यातली नोझलं

वीस एप्रिल. सकाळी कूलरच्या जाळ्या धुवायला अंगणात काढल्या. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर खरवडताना रेवदंड्याची ती घटना पुन्हा आठवली. स्वेच्छानिवृत्ती घेऊन तीन वर्षं झाली, पण ती एक केस डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा पोलीस उपनिरीक्षक होते. आमच्या हद्दीत गॅसवर चालणारं एक लहान वीजकेंद्र होतं. उन्हाळ्यात हवा तापून विरळ झाली की टर्बाइन कमी वीज देतं. म्हणून हवा आत शिरते तिथे पाण्याचं बारीक धुकं उडवून ती गार करतात. हे धुकं उडवणारी स्टीलची नोझलं बोटाच्या पेराएवढी असतात, भोक केसाएवढं. त्यातली बरीच गायब झाल्याचा तक्रार अर्ज आला.

दोन दिवस आम्ही भंगाराची दुकानं पालथी घातली. हाती काही लागलं नाही. मग आमच्या हवालदारांना मासळी बाजारात बातमी मिळाली. केंद्रात फिल्टर साफ करणाऱ्या एका मावशींच्या घरी तसले तुकडे कुणीतरी पाहिले होते. मावशी विधवा, पन्नाशी उलटलेल्या, कंत्राटी कामावर, जोडीला बाजारात सुकट विकायच्या. संशय येताच मॅनेजरनी त्यांचा गेटपास काढून घेतला. चोरीचा शिक्का बसला तर तो परत मिळणार नव्हता, आणि त्या वयात दुसरं काम कोण देणार?

त्यांना ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली, चहा मागवला. कुणाला विकली, कुणी सांगितलं, सगळं विचारून झालं. सुकट सोडून स्टील विकायला लागलात का, असा टोमणाही हवालदारांनी मारला. मावशी गप्प. माझ्या अनुभवात चोर सहसा जास्त बोलतो. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं लालसर जांभळी झाली होती.

चहा संपल्यावर त्यांना घेऊन त्यांच्या घरी गेले. चुलीजवळ मातीच्या भांड्यात कोकमाच्या पाण्यात नोझलं बुडवून ठेवली होती. घासून झालेली फडक्यावर ओळीने मांडली होती, शेजारी घासलेली समई.

मावशी जमिनीवर बसल्या. "मॅडम, मी चोरी न्हाय केली. फवाऱ्याच्या चाचणीच्या दिवशी माझ्याकडनं भलताच कॉक उघडला. शुद्ध पाण्याच्या जागी बोअरचं पाणी गेलं, नोझलं चोंदली. समई कोकमानं लख्ख निघते, म्हटलं ही पण निघतील."

"साहेबांना का नाही सांगितलं?"

"माझ्या हातानं बिघडलं, माझ्याच हातानं नीट करनार होते."

संध्याकाळच्या आत केंद्रात जाऊन पाइप तपासले. गेटपास जाण्याआधी मावशींनी काही नोझलं परत बसवली होती, नव्यासारखी लखलखीत. चोर माल परत आणून बसवत नाही. गैरसमजातून तक्रार, असा शेरा मारून अर्ज निकाली काढला.

चोरीपेक्षा चूक लपवायला माणूस जास्त धडपडतो. त्यानंतर प्रत्येक चौकशीत मी काय गेलं याच्या आधी काय बिघडलं ते विचारू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना जीपमध्ये पुढे बसवलं. नोझलांचं भांडं त्यांनी मांडीवर घट्ट धरलं होतं. मॅनेजरपुढे त्यांनी सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मॅनेजर बराच वेळ एक नोझल उजेडात धरून त्याच्या भोकातून पाहत राहिले. मग बोअरच्या कॉकला आजच लाल रंग द्या, असं त्यांनी फोरमनला सांगितलं.

मी खुर्चीतून हलले नाही. गेटपास टेबलावरून मावशींच्या पुढे सरकला, त्यांनी तो पदराच्या गाठीत बांधला, तेव्हा उठले.