गळलेल्या ओळी

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे भिंगरी म्हणतात. नोकरी खुर्चीवरची, पण तो खुर्चीत कधी असतो ते त्या खुर्चीलाच विचारावं लागेल. चार ओळी लिहिल्या की उठला, खिडकीपर्यंत गेला, फ्रीज उघडून काही न घेता बंद केला, परत आला. मी शाळेत कवायत शिकवते. अख्खा वर्ग माझ्या एका शिट्टीवर जागच्या जागी उभा राहतो, आणि घरचा हा एक मात्र "बस रे एका जागी" असं जन्मभर ऐकूनही बसलेला नाही.

त्याचं काम मला समजलं तेवढं सांगते. संगणकाच्या एका स्क्रिप्टिंग भाषेत डेटाफ्रेम म्हणून प्रकार असतो. म्हणजे तक्ताच की, आडव्या ओळी आणि उभे रकाने. असे भलेमोठे तक्ते जोडायचे, गाळायचे, त्यांच्या बेरजा करायच्या, यासाठीचे तयार हुकूम एका लायब्ररीत ठेवलेले आहेत. फुकट, कुणीही वापरावी. ती सांभाळणाऱ्या मूठभर लोकांतला हा एक. कुणीतरी कुठूनतरी लिहितं की अमुक सोय करा, मग हे आपसांत भांडतात आणि पटलं तर करतात. भिंगरीचा लौकिक नकार देण्यात. प्रत्येकाचे लाड पुरवत बसलो तर लायब्ररीची अडगळीची खोली होईल, असं त्याचं म्हणणं.

तर आई न्हाणीघरात पडली आणि मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटल गच्च भरलेलं. लिफ्ट आणि पाण्याचा कूलर यांच्या मधे, कॉरिडॉरमध्येच तिला खाट दिली. वॉर्डात जागा झाली की हलवू म्हणाले. कॉरिडॉरमध्ये सोबतीला कुणाला थांबू देईनात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून परस्पर तिथे गेले तेव्हा भिंगरी नुकताच येऊन उभा होता. आईचे ओठ सुकलेले, आवाज खोल गेलेला.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

"नाही रे. ऑपरेशन आहे ना, उपाशी ठेवलंय."

नर्सला विचारलं तर ती म्हणाली, "ऑपरेशन परवा आहे. उपाशी कुणी ठेवलं?"

जेवणाची गाडी आदल्या संध्याकाळपासून प्रत्येक वेळी आईच्या खाटेला घासून पुढे गेली होती. तिला नीट जाता यावं म्हणून आईने खाटेला लटकवलेली आपली पिशवी आवरून घेतली होती! हे ऐकलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीवाल्याला गाठून मी शाळेच्या मैदानावरचा आवाज लावला.

"बाई, माझ्यावर ओरडून काय होणार?" तो म्हणाला. "ताटं वॉर्डाप्रमाणे येतात. यांना वॉर्डच नाही."

मी पुढचं तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी काहीतरी चमत्कारिक झालं. भिंगरी हलायचा थांबला. मग जिना उतरून तो स्वयंपाकघराच्या ऑफिसात गेला, मी त्याच्यामागे. तिथल्या संगणकावर बसणाऱ्या मुलीला त्याने विचारलं की ताटांची बेरीज कशी होते. तिने सांगितलं, प्रोग्राम करतो, आणि लायब्ररीचं नाव घेतलं. याचीच लायब्ररी.

"फार छान आहे हो," ती बिचारी म्हणाली. "तुम्ही वापरलीय कधी?"

"थोडीफार," भिंगरी म्हणाला.

तिने आईच्या ओळीत, वॉर्डाच्या रिकाम्या रकान्यात 'कॉरिडॉर' लिहिलं आणि थोड्या वेळात वर सूप आणि ब्रेड आला. माझ्यापुरतं प्रकरण मिटलं. त्याचं तिथून सुरू झालं.

"ताई, गट पाडून बेरीज करताना गटाचा रकाना, म्हणजे इथे वॉर्डाचा, रिकामा असेल तर आमची लायब्ररी ती ओळच सोडून देते. चूक दाखवत नाही, काही नाही. गुपचूप."

"हे कुणी ठरवलं?"

"पहिल्यापासून तसंच आहे. पण एकाने मागे लिहिलं होतं, रिकाम्यांचा वेगळा गट ठेवायची सोय करा म्हणून." त्याने फोन पुढे केला. "मी नाही म्हटलं."

नाही म्हटलं होतं म्हणजे काय, झोडपलं होतं त्या माणसाला. 'रिकामी ओळ म्हणजे कचरा. आधी आपला तक्ता साफ करा.' खाली याचं नाव.

"मग आता कर की सोय," मी म्हटलं.

सोय त्याने तिथेच, आईच्या पायाशी लॅपटॉप ठेवून, मधे मधे लिफ्टपर्यंत येरझाऱ्या घालत करून टाकली. एक बटण. ते चालू केलं की रिकामेही मोजले जाणार. त्याच्या सोबत्यांनी मान डोलावली. पण बटण मुळात बंद असणार होतं, आणि घोडं तिथे अडलं.

"ज्याला माणूस गळलंय हेच माहीत नाही, तो बटण कशाला दाबेल?" हे वाक्य त्याने मला ऐकवलं, आईला ऐकवलं, कूलरपाशी पाणी प्यायला आलेल्या एका परक्या गृहस्थांनाही ऐकवलं.

आईचं ऑपरेशन झालं, खिडकीजवळची खाट मिळाली, तरी याचा जीव थाऱ्यावर नाही. कॉरिडॉरमध्ये फोन कानाला लावून भांडण चालू. बटण मुळातच चालू ठेवलं तर जगभरातल्या जुन्या बेरजा एकाएकी बदलतील, लोक आपल्याला फाडून खातील, असं सोबत्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाला हे सगळे काका म्हणतात. ते काका तर म्हणाले, "परवा तुझी आई उपाशी राहिली म्हणून आज सगळ्या जगाची बेरीज बदलायची?"

"हो," भिंगरी म्हणाला. मला माझ्या भावाचा त्या क्षणी फार अभिमान वाटला.

शेवटी तडजोड झाली. बटण आत्ता बंदच, पण ओळ गळली तर लायब्ररी तसं बोलून दाखवणार: इतक्या ओळी गटाबाहेर राहिल्या. आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीत बटण मुळातच चालू.

खालच्या ऑफिसातल्या मुलीने नवी आवृत्ती घेतली, बटण चालू केलं. तोवर आईच्या जुन्या खाटेवर हाताला प्लास्टर घातलेला एक गवंडी आला होता. जेवणाच्या वेळेला भिंगरी आईला सोडून त्या गवंड्याजवळ उभा. "हा मला भेटायला येतो की गाडीवाल्याला?" आई कुरकुरली. गाडी आली, थांबली. गाडीवाल्याने ताटावरची चिठ्ठी वाचली, "वॉर्ड रिकामा. तुम्हीच ना?" गवंड्याने डाव्या हाताने ताट घेतलं. स्वतः रांधून वाढल्यासारखा भिंगरी खूश झाला. उभ्या उभ्याच त्याने मागे झोडपलेल्या त्या माणसाला लिहिलं: 'तुमचं बरोबर होतं. उशीर झाला, पण सोय केली आहे.'

आईचं जेवण होईतो उत्तर आलं. 'आभार. आमच्या कामाला आता उपयोग नाही. पण केलंत ते बरं केलंत.'

'कुठलं काम होतं?' याने विचारलं. त्याला उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

"ताई, हे बघ." त्याने त्या माणसाची पहिली मागणी पुन्हा उघडली. "सगळे जण 'ओळी गळतात' असं लिहितात. याने काय लिहिलंय बघ."

'ज्यांचा गट रिकामा आहे ती माणसं बेरजेतून गळतात,' असं लिहिलं होतं.

"असेल एखाद्या क्लब-बिबची यादी," मी म्हटलं. माझा त्यावर विश्वास नव्हता, त्याचा तर नव्हताच.

तो उठला. खिडकीपर्यंत गेला, दारापर्यंत गेला, परत आला, परत गेला. आईला झोप लागत होती, नर्स आमच्याकडे बघत होती. 'बस रे एका जागी' अगदी ओठावर आलं होतं. पण मी त्याला नीट चालता यावं म्हणून माझी खुर्ची तेवढी भिंतीला सरकवून घेतली.