घड्याळातले दोन-दोन आकडे

दसरा झाला आणि काकांना भिंतीवरच्या घड्याळात दोन-दोन आकडे दिसू लागले. लकव्याच्या पहिल्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेलाच होता. आता दुसरा येणार, असं त्यांनी मनात पक्कं धरलं.

"डोये गेले रे बाबू माहे."

"काका, मलाही दोनच दिसतात. तीनच्या मागं आठ पेटतोय. घड्याळ बिघडलंय."

"माह्या समाधानासाठी कायले खोटं बोलून राहिला?"

हे घड्याळ त्यांनी तरुणपणी स्वतः बनवलेलं. काचेच्या नळ्या, प्रत्येकीत एकामागं एक तारेचे आकडे, नारिंगी उजेड. मी मूळ कोल्हापूरकडचा, आठवीतच शाळा सुटलेली. बोअर खोदणाऱ्या गाडीवर मजूर म्हणून तुमसरला आलो, तापानं पडलो, गाडी पुढं निघून गेली. काकांनी मला घरात घेतलं, पुढच्या खोलीतल्या दुरुस्तीच्या दुकानात काम शिकवलं.

घड्याळ उतरवलं. त्या नळ्यांना पावणेदोनशे व्होल्ट लागतात; शॉक छातीतून जाऊ नये म्हणून काकांनी शिकवलं तसा डावा हात खिशात घालून तपासू लागलो. प्रत्येक आकडा पेटवायला-विझवायला एक ट्रान्झिस्टर. आठचा ट्रान्झिस्टर बंद व्हायच्या वेळी पुरता बंद होत नव्हता. नवा टाकला, तरी तेच. काका पलंगावरून बघत होते. मी वर बघायचं टाळलं.

शेवटी बोर्ड दारात नेऊन उन्हात तिरपा धरला. ट्रान्झिस्टरच्या पायांमध्ये लालसर डाग होता.

"काकू, दसऱ्याला घड्याळाची पूजा कुठून केली?"

"मागून. यंत्र तं मागंच हाय ना! पुढं काच खराब झाली असती."

दरवर्षी हत्यारांना हळदकुंकू काका स्वतः लावायचे. यंदा काकूंनी पाण्यात कालवून लावलं होतं, घड्याळाच्या उघड्या पाठीवर. त्याच डागातून वीज झिरपत होती. काकू हसल्या, मग पदर तोंडाला लावला.

स्पिरिटनं बोर्ड घासून पुसला, वाळवला, घड्याळ परत टांगलं. तीन पेटला. एकटाच.

"बघा काका. तुमचे डोळे बरे आहेत."

त्यांनी भिंतीकडं नीट पाहिलं.

"मस्त केलं बाबू. आता बाजूचंबी करून टाक."

"बाजूचं काय, काका?"

"ते दुसरं घड्याळ."

भिंतीवर घड्याळ एकच होतं. मी त्यांना दवाखान्यात न्यायला गाडी आणायला धावलो.