कुणाला उडवलं, ठावं न्हाई

नोकरीत बरेच गुन्हे हाताळले, पण तासगाव भागातली ती सकाळ अजून डोक्यातून जात नाही. त्या दिवशी खबर देणारा आणि आरोपी एकच माणूस होता.

हजेरी नुकतीच संपली होती. बेदाणा वाहणारा एक पिकअपचालक ठाण्याच्या पायरीवर येऊन बसला. वय पस्तिशीचं, तोंडाला दारूचा वास. मला म्हणाला, “साहेब, म्या कुणाला तरी उडवलंय. कुणाला, ते ठावं न्हाई.”

गाडी बाहेरच उभी होती. एक दिवा फुटलेला, जाळीवर रक्त. काल दुपारपासून ढाब्यावर पीत होतो आणि सकाळी बेदाण्याच्या शेडजवळ गाडीतच जाग आली, मधलं काही आठवत नाही, एवढंच तो सांगे.

स्टेशन डायरीत नोंद केली, त्याला वैद्यकीय तपासणीला पाठवलं, गाडीचा पंचनामा केला. दोन शिपाई कवठे महांकाळच्या रस्त्याला धाडले. सरकारी दवाखाने, शेजारची ठाणी, सगळीकडे फोन केले. अपघाताची नोंद कुठेच नव्हती. जखमी नाही, मयत नाही, तक्रार नाही.

हा काहीतरी मोठं लपवतोय, असं वाटून मी त्याला चौकशीला बसवलं. सायकलवाला होता का, विचारलं. व्हय, सायकल हुती, म्हणाला. थोड्या वेळाने म्हाताऱ्या बाईचं विचारलं, तर बाईही आठवली. हिरवं लुगडं नेसलेली. तिथे मी थांबलो. मी विचारीन ते त्याला आठवत होतं, आणि तरी तो खोटं बोलतोय असं वाटेना. बावीस वर्षांच्या नोकरीत कबुली हातात असून गुन्हा सापडत नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

नवरा ठाण्यात आहे हे कळवायला एका महिला हवालदाराला त्याच्या घरी पाठवलं. बायकोने दार डाव्या हाताने उघडलं. उजवा प्लास्टरमध्ये, कपाळाला टाके. न्हाणीत घसरले, म्हणाली. हवालदारबाईंनी उलट काही विचारलं नाही. तिच्या चुलीवर चहा केला आणि बसून राहिल्या.

चहा संपेस्तोवर ती बोलली. आदल्या संध्याकाळी नवरा पिऊन घरी आला आणि पुन्हा निघाला. अडवायला ती गाडीपुढे उभी राहिली. गाडी पुढे आली, ती फाटकाच्या खांबाला चेपली गेली. तो गाडी मागे घेऊन निघून गेला. शेजारणीने तिला दवाखान्यात नेलं, तिथेही तिने न्हाणीत घसरले असंच सांगितलं.

जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. ती म्हणाली, “साहेब, त्यास्नी सांगू नगा. कळलं तर आणि पितील.”

पण गुन्हा दाखल करायचा तर सांगणं भागच होतं. कुणी मेलं नाही हे ऐकून आधी त्याचा चेहरा उजळला. मग त्याने विचारलं, “कोण हुतं?”

मी सांगितलं. तो म्हणाला, “गाडीफुडं उभं राहून ती मला काय म्हणली?”

ते जबाबात नव्हतं.

खटला चालला, परवाना गेला, त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर तो व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, एकदा पुन्हा घसरला, मग सावरला. मी निवृत्त झाल्यावर एकदा ती बाजारात भेटली. हात पुरता सरळ होत नव्हता.

साक्ष, पुरावा आणि कबुली जुळली की प्रकरण संपलं, असं मी मानत आलो होतो. दारूत गेलेली ती संध्याकाळ मात्र मला त्याला परत देता आली नाही. सांगून बरं केलं की वाईट, हेही मला अजून ठरवता येत नाही.

तो अजूनही दर आठ-पंधरा दिवसांनी त्या संध्याकाळचं विचारतो, असं बाजारात ती म्हणाली. मग ती सांगते. दर वेळी थोडं कमी सांगते.