डाव्या बाजूचा फुटरेस्ट

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे नऊ. बोल्ट खोलायचे ऐंशी रुपये ठरले होते. अंगणात आम्ही तिघे होतो: वरठीला रेल्वे फाटकाजवळ दुकान असलेला मेकॅनिक, मी, आणि दारात खुर्ची टाकून बसलेली माझी बायको.

जुनी मोटरसायकल मी गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी घेतली. अकरा वर्षे चालवली. इंजिन गेले तेव्हापासून ती घरामागे टिनाखाली उभी होती. मला तिच्यातली एकच वस्तू हवी होती, साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईसाठी असतो तो डावीकडचा लांब फुटरेस्ट. बायकोची उंची चार फूट दहा इंच. तिचे पाय लोंबकळत राहायचे, म्हणून मी तेव्हा वेल्डरकडून तो अडीच इंच खाली घेतला होता.

आता तिचा डावा गुडघा नीट दुमडत नाही. नव्या गाडीचा फुटरेस्ट उंच आहे, त्यावर दहा मिनिटांत कळ येते. एसटीची पायरी तिला चढवत नाही. आणि तिची आई बपेऱ्याला, पन्नास किलोमीटरच्या वर. दिवाळीत भाड्याची कार करून गेलो होतो, पण ते दर महिन्याला परवडणारे नाही. फोनवर म्हातारीला ऐकू येत नाही. "कोण बोलून राहिलं?" एवढे विचारते आणि फोन सुनेच्या हातात देते. मग बायको बराच वेळ फोन मांडीवर ठेवून बसते.

तसाच फुटरेस्ट मी दोनदा नवा बनवून घेतला होता. एकावरून पाय घसरायचा, दुसऱ्यावर गुडघा दुखायचा. जुन्याचा उतार तिच्या पायाला बसलेला होता, आणि तो वेल्डर आता गावात नाही.

फुटरेस्टचा बोल्ट गंजला असेल म्हणून दोन दिवस त्यावर डिझेल सोडत होतो. मेकॅनिकने रिंग पाना लावून पाय देऊन पाहिले. नट हलला नाही.

"काकाजी, सोडा. कटर मारतो, पाच मिनिटाचं काम."

"फुटरेस्टची पट्टी राहील का?"

"अर्धी जाईन."

"मग तापवून पाहा."

"तापवली तर वाकन. मंग काकीचा पाय वाकडा ठेवा लागन."

"पाय वाकडाच आहे माहा," बायको म्हणाली. "तुमी दोघं कायले भांडून राहिले? तो बोल्ट निघणारच नाही. यायनंच ठोकला होता ना."

मी तिच्याकडे पाहिले. मला काही आठवेना.

"सिहोऱ्याच्या पुढं नट ढिला होऊन मी पडता पडता वाचली नाही का? घरी आल्यावर यायनं मले पलीकडून दगड लावून धराले सांगतला, अन् बोल्टाचं तोंड ठोकून ठोकून चपटं केलं. म्हणे, आता हा जन्मात निघत नाही."

मेकॅनिकने चिंधीने मागचा चिखल पुसला. बोल्टाचे टोक खिळ्याच्या डोक्यासारखे नटावर पसरलेले होते. "जंग कुठं आहे काकाजी," तो म्हणाला, "हे तर तुमचं काम होय." आणि पिशवीतून त्याने कानस काढली.

चाळीस मिनिटे तो घासत होता. मी पट्टी धरून बसलो. मला त्या प्रवासातले बाकी सगळे आठवत होते. तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर असायचा, आणि खड्डा आला की बोटे घट्ट व्हायची. दोन्हीकडे धानाच्या बांध्या. ती मागून काहीतरी सांगायची, वाऱ्यात अर्धे ऐकू यायचे, तरी मी हो म्हणायचो. वळणावर गाडीचा आवाज ओळखून सासूबाई पाण्याचा लोटा घेऊन दारात यायच्या. ते दिवस जाताना कळले नाहीत. वर्षाला सहा फेऱ्या धरल्या तर अकरा वर्षांत सहासष्ट होतात. तेव्हा मी मोजल्या नव्हत्या.

टोक घासून गेल्यावर नट एकदा करकरला आणि फिरला. पट्टी अख्खी निघाली.

ती नव्या गाडीला बसवायला आणखी तासभर गेला. गाडी स्टँडवर उभी करून मी बायकोला बसवले. पाय टेकले. गुडघ्याला हात लावून तिने जरा वाट पाहिली. इंजिन बंद होते, तरी तिने हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि अंगणाच्या फाटकाबाहेर रस्त्याकडे पाहत राहिली. दहा मिनिटे होऊन गेली. कळ आली नाही.

"उद्या सकाळी निघू," मी म्हणालो.

"आईले सांगाचं नाही. गाडीचा आवाज आयकून दारात येते का पाहू."

बसवण्याचे साठ धरून एकशे चाळीस झाले. मी खिशात हात घातला, पण ती म्हणाली, "पाय माहा आहे, पैसे मी देतो." आत जाऊन तिने रुमालाची गाठ सोडली. दिवाळीत निघताना आईने पुढच्या येण्याच्या भाड्याला म्हणून तिच्या हातात कोंबलेले ते पैसे होते. त्यातले एकशे चाळीस तिने मेकॅनिकला दिले.