राखेखालची खुरं

आता जनावराच्या दाताचा कणभर चुरा यंत्रात घातला, की हजारो वर्षांपूर्वी ते काय चरत होतं याचा अंदाज बांधता येतो. खाल्लेला चारा, प्यालेलं पाणी यांची खूण स्थिर समस्थानिकांच्या रूपात दातात थराथरानं राहून जाते. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं याच कामात गेली. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, मोठ्या दुष्काळाच्या आधीच्या हिवाळ्यात, मी श्रीगोंदा तालुक्यात पहिल्यांदा उत्खननावर गेले तेव्हा आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. होती ती हाडांनी भरलेली टोपली आणि एक दात घासायचा ब्रश.

नदीकाठच्या एका शेतात हजारो वर्षं जुन्या वस्तीचं टेकाड होतं. सर, म्हणजे आमचे प्राध्यापक, तिथं खोदकाम चालवत. प्राणिशास्त्र शिकलेली मी एकटीच, म्हणून हाडं माझ्याकडे. रंगीत मडकं निघालं की सगळे धावत. हाडं निघाली की मला हाक मारत आणि आपापल्या कामाला लागत. मला त्याचं काही वाटत नसे. शेताच्या मालकिणीकडे माझी राहायची सोय होती. त्यांना मी वहिनी म्हणायची. सकाळी त्या गोठ्यात धार काढायला बसल्या की मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यावर टेकायची.

एके दिवशी राखेचा जाड थर काढताना खाली पिवळट मातीची जमीन लागली. तिच्यावर अर्धचंद्रासारख्या जोडखुणा होत्या. ब्रश फिरवत गेले तशा त्या वाढत गेल्या. खुरं होती. ओल्या मातीत कधीतरी उमटलेली, वर राख पडल्यामुळे जशीच्या तशी राहिलेली. मोठी खुरं एकाच जागी खोल रुतली होती. त्यांच्या समोर जमिनीत एक भोक होतं आणि भोकाभोवती बारक्या खुरांची नुसती गर्दी.

"गोठा असणार," सर म्हणाले. "भोक छपराच्या खांबाचं."

"सर, खुंटीचं असलं तर? वासरू बांधायच्या?"

"कशावरून?"

मला रोजची सकाळ आठवत होती. वहिनी वासराला आधी आचळाला लावत. पान्हा फुटला की त्याला ओढून गायीच्या पुढ्यात खुंटीला बांधत आणि धारेला बसत. गाय त्याला चाटत उभी राही. ते मात्र खुंटीभोवती नाचत राही. तीच आकृती मातीत होती. म्हणजे त्या वस्तीतली माणसं गाय फक्त मांसासाठी पाळत नव्हती, तिचं दूध काढत होती. मी हे भीत भीत सांगितलं. सर हसले नाहीत. "करून बघ," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मी वहिनींना विचारलं, "उद्याची धार ओल्या मातीवर काढाल का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "गायीकडनं रांगोळी काढून घेता व्हय, ताई?"

पण त्यांनाही हौस वाटली. सकाळी त्यांच्या मालकांनी गोठ्यापुढे माती कालवून थापून दिली. मधोमध खुंटी ठोकली. बातमी फुटली होती, त्यामुळे कामावरच्या बायका, शेजारपाजार, सगळे काटक्यांच्या कुडाला लागून उभे. गाय मातीच्या कडेला आली आणि थांबली. चुचकारलं, कडबा दाखवला, पाठीवर थाप मारली. ती हलेना.

"तिला पाय भरवायला आवडत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "वासरू फुडं घ्या."

वासरू पुढं नेलं. ते हंबरलं, आणि गाय सरळ चिखलातून आमच्या सरांना ढकलून पलीकडे. सर बसले ते चिखलातच. क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. मग तेच हसायला लागले आणि कुड हलेपर्यंत सगळे हसले.

वहिनींनी गायीला वळवून खुंटीपाशी आणलं, वासरू बांधलं आणि धार काढली. जनावरं बाजूला नेल्यावर आम्ही वाकून पाहिलं. गायीची खुरं एका जागी रुतलेली, खुंटीभोवती वासराच्या खुरांची गर्दी. चिखलानं भरलेल्या धोतरानिशी सर टेकाडाकडे गेले, तिथलं बघून आले, परत इथलं बघितलं.

"शक्यता आहे म्हणायचं," ते म्हणाले. "पण दाट शक्यता."

त्यांच्या तोंडून 'दाट' निघणं म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माझे पाय जमिनीवर नव्हते. त्या दिवशी सगळ्यांचा चहा त्याच दुधाचा झाला. दुपारी वहिनी शेजारणींना खड्ड्याच्या काठावर घेऊन आल्या. "ही बगा, आमच्या रानातली लई जुनी गाय," त्या सांगत होत्या. "आन् हे तिचं वासरू. लई वढाळ हुतं, बगा कसं नाचलंय."

त्या खुरांचा प्लास्टरचा ठसा पोत्यात घालून मी एसटीनं पुण्याला निघाले. पोतं मांडीवर मावेना. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?"

"गाईचं पाऊल," मी म्हणाले, आणि मग सगळंच सांगितलं. त्यानं पुढं जाऊन ड्रायव्हरला सांगितलं. पुढच्या बाकावरचे दोघे आपणहून उठले, आणि पोतं खिडकीशी ठेवून मी त्याच्याशेजारी बसले.