पस्तीस कसली?

कुणाच्याही गाडीत बसण्याआधी जोगळेकरबाई टायरपाशी थांबत आणि विचारत, "हवा किती?" "ठीक आहे, बाई," असं उत्तर आलं की संपलंच. "ठीक हे कशाचं एकक? आणि नुसता आकडा सांगू नका, त्याला आडनाव लावा." डोंबिवलीच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं. आमच्या सोसायटीत लोक तोंडावर त्यांना बाई म्हणत आणि पाठीमागे हवाबाई. त्या शब्दाने माझं डोकं तेव्हाही फिरायचं.

एकदा सोसायटीची सहल खडवलीला निघाली. भाड्याची मिनीबस आली. बाईंनी पर्समधून हवा मोजायचा मीटर काढून मागच्या चाकाला लावला, मग दाराजवळचा हवेच्या दाबाचा स्टिकर वाचला.

"पस्तीस भरलीय, मॅडम. पस्तीसच लिहिलंय," ड्रायव्हर म्हणाला.

"नीट बघा, तीन आणि पाचच्या मधे टिंब आहे. साडेतीन लिहिलंय. साडेतीन बार. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. म्हणजे एक्कावन्नच्या आसपास हवी, आणि तुम्ही पस्तीस पीएसआय भरलीय. इतक्या कमी हवेवर एवढी माणसं घेऊन टायर तापेल आणि फाटेल. आधी पंपावर चला."

चेअरमन सावंत वैतागले. "बाई, शाळा सुटली आता. यायचं तर बसा."

बाई बसल्या नाहीत. मीही माझ्या मुलीला खाली उतरवलं. बाकीचे हसत निघून गेले.

शहाडच्या पुढे तोच टायर फुटला आणि बस खांबावर आदळली. दुसऱ्या मजल्यावरच्या म्हात्रेआजींचा खांदा मोडला.

पुढच्या मीटिंगमध्ये सावंत काय म्हणाले? "निघताना अपशकुनी बोललं की असंच होतं." आणि शिकल्यासवरल्या लोकांनी माना डोलावल्या.

बाई उठल्या. "सावंत, मी भविष्य सांगितलं नव्हतं. गुणाकार सांगितला होता."

त्यानंतर लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. लिफ्टमध्ये बाई दिसल्या की जिन्याने जात. चूक यांची, आणि तोंड चुकवायचं बाईंपासून. शेवटी फ्लॅट विकून त्या चिपळूणला बहिणीकडे निघाल्या.

निघायच्या दिवशी सावंत शाल-नारळ घेऊन खाली आले. "सोसायटीतर्फे, बाई. झालं गेलं विसरून जा."

बाईंनी हात पुढे केला नाही. "आधी दुसऱ्या मजल्यावर जा. आजींना अजून हात वर करून केस विंचरता येत नाहीत. त्यांना म्हणा, विसरून जा."

त्या टॅक्सीत बसून गेल्या. सावंत नारळ घेऊन तिथेच उभे राहिले. मला त्यांची जराही दया आली नाही.